सदतीस अंश

गरम टॉवेल पिळून कातरकाकांनी आधी तो स्वतःच्या पालथ्या हाताला लावून पाहिला आणि मग खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालांवर ठेवला. टॉवेलाखालून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"भाजलं का?"

"नाही हो. बरं वाटलं म्हटलं."

"मग ते जरा मोठ्यानं म्हणा. बाकावरच्यांना ऐकू जाऊ दे."

बाकावरची माणसं हसली. महिन्याचा पहिला रविवार होता आणि सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. या एका दिवसाचे सगळे पैसे गल्ल्यात न जाता आरशाशेजारच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. डब्यावर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी.' ज्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काहीच उरलं नव्हतं असे दोघंतिघंही न चुकता हजेरी लावत. काका त्यांनाही खुर्चीत बसवत, कात्री दोनचारदा हवेत वाजवत, मागे आरसा धरून "मागून ठीक आहे ना?" असं गंभीरपणे विचारत. तेही तितक्याच गंभीरपणे मान हलवून डब्यात नोट टाकत आणि अंगावरचे नसलेले केस झटकत बाहेर पडत.

काचेचं दार ढकलून लॅबताई आत आली तेव्हा काकांचा हात हवेतच थांबला.

हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत रक्ताच्या आजारांवरची प्रयोगशाळा होती, तिथे ती काम करायची. आठ वर्षं दर महिन्याला काकाच डबा घेऊन तिच्याकडे जात आले होते. ती इकडे कधी फिरकली नव्हती. 

"तुमचं चालू द्या काका," ती म्हणाली. "मी नंबर लावते."

आणि ती खरोखरच दोन माणसांच्या मधे जाऊन बसली. मांडीवरची पिशवी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"ताई, तुम्ही माझ्यामागे," शेजारचा मिशाळ ड्रायव्हर म्हणाला. "पण मला वेळ नाही लागायचा. नुसतं मिशीचं काम आहे."

"मिशीचं आहे म्हणून तर लागणार," काका म्हणाले. जीभ सवयीनं चालत होती, नजर मात्र त्या पिशवीवरून हलत नव्हती.

मिशी उरकल्यावर त्यांनी पुढच्या माणसाच्या तोंडाला भरपूर फेस लावला, "जरा मऊ होऊ द्या" म्हणून त्याला तसंच बसवलं आणि लॅबताईला पडद्यामागे नेलं. तिथे टॉवेल तापवायचं भांडं होतं, बेसिन होतं आणि एकाच माणसाला धड उभं राहता येईल एवढी जागा होती. लॅबताईनं पिशवीतून एक कागद काढला. आठ वर्षांपूर्वीच्या संमतीपत्राची प्रत होती ती. वर छापलेल्या ओळी, खाली रिकाम्या जागेत पेनानं लिहिलेली एक वाकडी ओळ: 'शेवटचं संपवण्याआधी मला विचारावं.' त्याखाली काकांची सही.

"संपत आलं?" काकांनी विचारलं.

"एक कुपी उरली आहे."

काकांनी कागद हातात घेतला, पण वाचला नाही. त्यांना तो पाठ होता. लेकीच्या, ठकूच्या, हाडातली मज्जा तपासायला काढली होती, तेव्हा त्यातली उरलेली संशोधनाला ठेवून घेऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. सही करताना काकांना एकाएकी काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ती ओळ लिहिली. असं काही लिहायची सोय त्या कागदावर नव्हती. पण डॉक्टर तरुण होते, बापाच्या हातातलं पेन काढून घ्यायला त्यांना जमलं नाही. चार बारक्या कुप्या भरल्या होत्या. पुढे तीन महिन्यांनी ठकू गेली. सतरा वर्षांची होती.

"आधीच्या तीन वापरल्यात तेव्हा बोलला नाहीत."

"अट शेवटच्यासाठी होती, काका." लॅबताईचा आवाज खाली गेला. "एक नवीन औषध आलंय. ठकूला होता तो प्रकार फार कमी जणांना होतो. आमच्याकडे त्या प्रकारातले आणखी दोघं होते, त्यांचं सगळं संपलं. आता तिचंच आहे. माणसांना देण्याआधी ते खऱ्या पेशींवर लावून बघायला हवं." ती थांबली. "तुम्ही नाही म्हणालात तर नाही. कुणी एका शब्दानं बोलणार नाही."

"वापरली की संपली?"

"संपली. एकदा वितळली की परत गोठवता येत नाही."

पडद्याबाहेरून आवाज आला, "अहो काका, फेस वाळला!"

"आलो," काका म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी ती एप्रनच्या खिशात टाकली. "उद्या येतो डबा घेऊन. तेव्हा सांगतो."

बाहेर येऊन त्यांनी वस्तरा उचलला. ती दाढी त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक अक्षर न बोलता केली. गिऱ्हाईक बिचारं घाबरून गेलं. वीस वर्षांत काकांना गप्प राहून दाढी करताना कुणी पाहिलं नव्हतं.

*

सोमवारी सलून बंद असायचं. काका डबा काखेत मारून प्रयोगशाळेत गेले.

हे 'कातरकाका' नाव त्यांना हॉस्पिटलातल्या मुलांनीच दिलं होतं. औषधांनी केस गळायला लागले की पोरं हिरमुसून जात. ठकूचे गळायला लागले तेव्हा मात्र ती स्वतः सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसली होती आणि आरशातल्या बापाला म्हणाली होती, "सगळे साफ करा. आणि गप्पा नकोत, मला त्याचे जास्त पैसे द्यायचे नाहीत." काकांनी तिचं डोकं भादरलं, वर गरम टॉवेल ठेवला, आणि टॉवेल ठेवायच्या निमित्तानं दोन्ही हात बराच वेळ तिच्या डोक्यावर ठेवून उभे राहिले. ती गेल्यावरही ते वॉर्डात जात राहिले, दुसऱ्यांच्या मुलांची डोकी करायला. तिथेच अशाच घरांतल्या चारपाच जणांशी ओळख झाली आणि सगळ्यांनी मिळून एक छोटा ट्रस्ट काढला. कुणी धावायच्या शर्यती भरवत, कुणी जुनी पुस्तकं विकत. काकांना कात्री येत होती, त्यांनी पहिला रविवार दिला. त्या पैशांतून प्रयोगशाळेला एक टाकी मिळाली होती.

टाकी कमरेएवढी उंच, स्टीलची, गोल होती. आत द्रवरूप नायट्रोजन. उणे एकशे शहाण्णव अंशांवर शेकडो कुप्या आपापल्या खणात उभ्या. कुठली कुणाची हे फक्त आकड्यांनी लिहिलेलं, त्यामुळे ठकू नेमक्या कुठल्या खणात आहे हे काकांना कधीच कळलं नाही. टाकी माहीत होती तेवढं त्यांना पुरे होतं. दर महिन्याला ते डबा टेबलावर ठेवत, "पोरीचं भाडं आणलंय" म्हणत, मग टाकीजवळ जाऊन झाकणावर तळहात ठेवून उभे राहत. ठकू थंडीची कमालीची भित्री. भर उन्हाळ्यातसुद्धा पायात मोजे घालून झोपायची. तिलाच नेमकं इथे ठेवावं लागलं याचं काकांना मनातून फार वाईट वाटे. पण गारठली तरी आहे ना, अशी ते स्वतःची समजूत घालत.

आज ते भाड्याबद्दल काही बोलले नाहीत. डबा काखेतच राहिला. त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"समजा नाही वापरली," ते म्हणाले. "तर किती वर्षं टिकेल?"

"टाकी भरत राहिलो तर खूप वर्षं. आपल्या सगळ्यांच्या नंतरही राहील."

"मग मी आणखी एक रविवार देतो ना. दोन देतो. टाकीची काळजी नको."

लॅबताईनं टाकीवरचा काटा पाहून वहीत आकडा लिहिला.

"मला कळतंय, मी काय बोलतोय ते," काका म्हणाले. "आठ वर्षं लोकांपुढे डबा धरतोय, संशोधनाला द्या म्हणून. आणि संशोधन दारात आलं तर मीच दाराला कडी लावतोय. पण तिचं असं जिवंत दुसरं काही नाही हो माझ्याकडे. फोटो आहेत. स्वेटर आहेत. ते सगळं मेलेलं आहे. हिच्यात ती श्वास रोखून उभी आहे, असं वाटतं मला."

"काका," लॅबताईनं हळूच विचारलं, "आत काय आहे असं समजता तुम्ही?"

"म्हणजे काय? ठकू."

तिनं एक स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठेवलं. काका बसले नाहीत. मग तीच बसली.

"ती मज्जा काढली तेव्हा आजार भरात होता. शंभर पेशींतल्या नव्वद आजाराच्या होत्या. आम्ही इथे त्याच जपतो, काका. औषध लावून बघायला आम्हाला त्याच लागतात."

कोपऱ्यातल्या एका पंपाची घरघर चालू होती. काकांनी झाकणावरचा हात काढून घेतला. काढलेला हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, तो तसाच पोटाजवळ धरून ते उभे राहिले.

"ज्यानं तिला नेलं, ते आहे यात?"

"हो."

"आणि मी दर महिन्याला येऊन त्याच्यावरून हात फिरवत होतो."

"दहा तिच्याही आहेत. चांगल्या. शंभरातल्या दहा."

"तुम्ही बघत होतात," काकांचा आवाज चढला. लॅबमध्ये त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. "आठ वर्षं उभ्या राहून बघत होतात. एकदा तरी तोंड उघडायचं."

"आधी वाटलं, तुम्हाला माहीत असेल." लॅबताईनं मान वर केली नाही. "माहीत नाही हे लक्षात आलं तोवर दोन वर्षं झाली होती. मग कुठल्या तोंडानं सांगणार? दर महिन्याला वाटायचं, पुढच्या वेळी सांगू."

काका दारापर्यंत गेले. तिथे थांबले, काखेतला डबा त्यांनी टेबलाकडे पाहून जरा खाली घेतला, आणि परत काखेत मारून निघून गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा डबा भरलेला घरी परतला.

*

काकू जेवणाच्या टेबलावर सलूनच्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. रविवारचे टॉवेल सोमवारी धुऊन वाळत, आणि घड्या उभ्या तीन पदरी, नाहीतर ते त्या भांड्यात नीट बसत नसत. काकांनी डबा टेबलावर ठेवला. काकूंनी डब्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि पुढचा टॉवेल उचलला.

"एप्रन धुवायला घेतला तेव्हा खिशात कागद मिळाला," त्या म्हणाल्या. "भिजला नाही. फ्रिजवर ठेवलाय."

काका खुर्चीत बसले. बसल्या बसल्या त्यांनी एक टॉवेल ओढून घडी घालायला घेतली.

"तुला माहितीये का," ते म्हणाले, "त्या टाकीत काय आहे?"

"माहितीये."

घडी अर्धवट राहिली.

"त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही तिच्यासाठी मोजे आणायला खाली गेला होता. त्यांनी मला बसवून सगळं समजावलं. आजाराच्या पेशी ठेवणार, त्याच कामाच्या असतात वगैरे. मी म्हटलं, यांना सांगते मी. मग तुम्ही मोजे घेऊन वर आलात, पेन घेतलंत आणि खाली ती ओळ लिहिलीत. तुमचा चेहरा बघून मला नाही सांगवलं."

"आणि नंतर? आठ वर्षं?"

"नंतर तुम्ही तिथून घरी यायचात ना, त्या दिवशी पोटभर जेवायचात." काकूंनी हातातला टॉवेल नुसताच सरळ केला. "महिन्यातून एक दिवस. शीळ घालत हात धुवायचात. तो दिवस मी कशाला मोडू?"

काकांनी अर्धवट घडी उलगडली. जगाच्या डोक्याला हात लावत फिरणारा माणूस, आणि घरातल्या एका डोक्यात काय चाललंय ते त्यांना आठ वर्षं कळलं नव्हतं.

"म्हणून तू कधी आली नाहीस तिकडे."

"तिचा आजार बघायला कशाला येऊ? दीड वर्ष याच घरात बघितला की."

"मग आता काय करू मी?"

"मला काय विचारता?" काकू पहिल्यांदाच थोड्या फटकन बोलल्या. "कागदावर 'मला विचारावं' असं लिहिलंय तुम्ही. मी बाजूलाच उभी होते तेव्हा. मला कुठे धरलंत त्यात?"

हे एवढी वर्षं त्यांच्या पोटात होतं. काकांनी डबा बाजूला सरकवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

"चुकलं," ते म्हणाले. "आता विचारतो. काय करू या?"

 काकूंच्या उरलेल्या सगळ्या घड्या एकावर एक रचून झाल्या, कडा सारख्या करून झाल्या.

"त्यात तिच्याही थोड्या आहेत म्हणाले होते डॉक्टर."

"शंभरातल्या दहा."

"मला त्यांचंच वाईट वाटतं," काकू म्हणाल्या. "आठ वर्षं त्या मेल्या आजाराबरोबर एका बाटलीत. आणि एवढ्या थंडीत. सोडवा हो त्यांना."

*

काकांनी सही केली. या वेळी कागदावर आणखी काही लिहिलं नाही, अट तोंडानंच घातली: त्या वेळी मला तिथे उभं राहू द्या. डॉक्टरांच्या कानशिलांवर आता पांढरे केस आले होते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नियमात बसत नाही. पण तुमचं आधी तरी कुठे बसलं होतं?"

पुढच्या सोमवारी सकाळी काकांना पांढरा कोट, चष्मा आणि हातमोजे दिले. कोट त्यांना आखूड होत होता. लॅबताईनं टाकीचं झाकण उचललं तेव्हा पांढरं धुकं काठावरून ओसंडून जमिनीवर पसरलं. तिनं लांब चिमट्यानं एक कुपी काढली. करंगळीच्या पेराएवढी. आत पिवळट बर्फाचा एक थेंब गोठलेला. काकांना वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

"आता पटकन वितळवायची," लॅबताई म्हणाली. "हळू वितळली तर पेशी मरतात. या पाण्यात धरून हलवत राहायचं. तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की लगेच बाहेर. दीड मिनिट लागतं." ती अडखळली. "तुम्ही धरता?"

"पाणी किती गरम आहे?"

"सदतीस अंश. आपल्या अंगाएवढं. यंत्रावर दिसतंय बघा."

काकांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. त्यांनी एका हाताचा मोजा काढला आणि पालथा हात पाण्याला टेकवला. लॅबताईनं हात पुसायला कागद काढून ठेवला. असाच हात ते दीड वर्ष ठकूच्या कपाळावर ठेवत असत, सकाळी उठल्यावर, सलूनला निघताना, परत आल्यावर.

"बरोबर आहे," ते म्हणाले. तिनं पुसून दिलेल्या हातात त्यांनी नवा मोजा चढवला.

कुपी त्यांनी दोन बोटांत धरली आणि पाण्यात गोल गोल फिरवू लागले. हात वस्तऱ्यावर बसलेला होता. बर्फ आधी कडेनं सुटला, मग मधला खडा मोकळा होऊन आत तरंगायला लागला. वाटाण्याएवढा. मग त्याहून लहान. काकांना वाटलं, हे दीड मिनिट सरूच नये. ही आत्ता जागी होते आहे, आत्ता, माझ्या बोटांत, आणि पुढच्या क्षणाला मला ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आहे. हे त्यांनी आधी एकदा केलं होतं. तेव्हाही दार ढकलून ठकूची ट्रॉली आत घेणाऱ्यांना त्यांनी "सांभाळा" एवढंच म्हटलं होतं.

"काका, दाण्याएवढा झाला," लॅबताई म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

काकांनी आणखी एक फेरा फिरवला. मग कुपी तिच्या हातात दिली.

"सांभाळा," ते म्हणाले.

*

निकाल गुरुवारी कळणार होता. गुरुवारी दुपारी काकांनी सलूनला कुलूप लावलं आणि ते घरी डोकावले, तर काकू चप्पल घालून दारातच उभ्या होत्या. हातात बिस्किटांचा डबा.

"चला," त्या म्हणाल्या, जणू दर महिन्याला जात होत्या.

प्रयोगशाळेत शिरल्यावर काकू टाकीपाशी थांबल्या नाहीत. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. "हे घ्या," त्या लॅबताईला म्हणाल्या. "आता हे भाड्याचं नाही. औषधाचं आहे."

डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी उभे होते. त्यांनी आधीच बजावलं, एका प्रयोगानं औषध होत नसतं, अजून बरीच वर्षं जातील, कदाचित पुढे काही निघणारही नाही. काका सगळ्याला मान हलवत होते. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचं राजकारण ऐकताना हलवायचे तशी.

"बघू का?" शेवटी ते म्हणाले.

त्यांनी डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग लॅबताईनं काहीतरी फिरवलं आणि गोल उजेडात निळे ठिपके उमटले. सगळीकडे निळेच. किती तरी.

"निळ्या दिसतात त्या मेलेल्या," ती म्हणाली. "परवापर्यंत औषधानं त्यांना काही होईना. काल रात्रीपासून मरायला लागल्या."

"आणि ह्या? ह्या चमकताहेत त्या?"

"त्या जिवंत आहेत."

काकांनी डोळा न हलवता विचारलं, "म्हणजे राहिलाच आजार?"

"नाही." लॅबताईनं हातातल्या कागदावरचे आकडे पुन्हा पाहिले. "मशीनवर दोनदा मोजल्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या आहेत. तिच्या आहेत, काका."

काका बराच वेळ वाकून पाहत राहिले. चार इथे, दोन तिकडे, एक कडेला अगदी एकटी. गोल, स्वच्छ, मधे थोडासा उजेड घेऊन बसलेल्या. त्यांना ठकू तशी दिसली नाही. ती अशी कुठून दिसणार! पण आठ वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याकडे बघत होते आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. ते बाजूला झाले आणि त्यांनी काकूंना दंडाला धरून पुढे आणलं.

काकूंनी पाहिलं. त्यांना निळे ठिपके मोजायचेच नव्हते. "सुटल्या," त्या एवढंच म्हणाल्या.

"हा नुसता थेंब आहे," लॅबताई म्हणाली. "बाकीच्या तिकडे पेटीत आहेत."

"किती दिवस राहतील?"

लॅबताईनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत होते.

"उद्यापर्यंत," तीच म्हणाली. या वेळी तिनं पुढच्या खेपेवर ढकललं नाही. "फार तर परवा. अंगाबाहेर त्यांना नाही राहता येत."

 भिंतीलगत फ्रिजएवढी एक पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा जळत होता. काका तिच्याकडे पाहत राहिले.

"आत थंडी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. सदतीस आहे."

लॅबताईनं पेटीचं बाहेरचं दार उघडलं. आत काचेचं आणखी एक दार होतं आणि काचेमागे फळीवर तळहाताएवढी एक चपटी डबी. काकू पुढे झाल्या. त्यांनी हाताची पालथी बाजू काचेला लावली आणि समजायला जितका वेळ लागतो तितका वेळ तशीच ठेवली.

"ताप नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी कोपऱ्यातलं एक स्टूल त्यांच्यासाठी पेटीजवळ ओढलं, आणि मग आणखी एक.